उरले किती, भाव काय

“अर्ध्या भावात देताय की नाही? शेवटचं विचारतोय!”

हे शेवटचं विचारणं त्या माणसाचं तोवर बरेचदा विचारून झालं होतं. एव्हरशाईन सिटीतल्या एका भल्यामोठ्या सोसायटीचा तो सेक्रेटरी. आवाज असा, की वसई गावातल्या देवळाच्या (आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो) मनोऱ्यावरची कबुतरं उडाली ती थेट अर्नाळ्याला जाऊन बसली, आणि मी खोटं सांगत नाही, त्यातली निम्मी अजून परतलेली नाहीत. दिवाळीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. रस्ता गर्दीने फुगलेला. बसचा ड्रायव्हर भर रस्त्यात बस उभी करून खिडकीतून मान काढून बघत होता आणि आतले प्रवासी त्याला ‘चला’ म्हणायच्या ऐवजी ‘जरा पुढे घ्या, दिसत नाही’ म्हणत होते.

ज्यांच्यावर हा भडिमार चालला होता ते पाटीवाले काका स्टुलावर मांडी घालून बसले होते. कानामागे खडू. तो खडू तिथे इतकी वर्षं होता की त्यांचा उजवा कान कायमचा पांढरा झाला होता. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचे, कागदाचे, पाच टोकांचे कंदील लटकत होते आणि दाराच्या चौकटीला दोन काळ्या पाट्या टांगलेल्या होत्या. वरच्या पाटीवर ‘उरले’, खालच्या पाटीवर ‘भाव’. वर तीनशे, खाली दीडशे.

“अहो काका, प्रॅक्टिकली बोला ना! आमच्या मीटिंगमध्ये विजेची तोरणं फायनल झाली, त्याला मी काय करू? तरी मी आलोय ना? उद्यापासून तुमचा हा सगळा माल रद्दी आहे, रद्दी! अर्ध्यात द्या, सगळा उचलतो.”

काकांनी अंगठ्याने खालची पाटी पुसली. एकशे पंचावन्न लिहिलं.

“हे काय करताय?”

“तुम्ही बोला,” काका म्हणाले.

“मी एवढं ओरडतोय आणि तुम्ही भाव वाढवताय?”

एकशे साठ.

आता गर्दीला खरी मजा यायला लागली. या गर्दीतली अर्धीअधिक माणसं संध्याकाळ उतरली की भाव उतरतील म्हणून थांबलेली होती. सगळ्या बाजाराची तशीच रीत. भाव उलट चढताना बघून ती पुढे सरकली. पाचूबंदरची एक मासेवाली टोपली खाली ठेवून पुढे आली आणि तिने सेक्रेटरीला असं काही सुनावलं की कबुतरं गेली नसती तर तेव्हा गेली असती. “अरं ए सायेब, गप बस रं! तुज्या बोंबलन्यानं माजा कंदील म्हाग व्हतंय! आनखी किती चढवतंस?”

“साहेब, ओरडू नका हो, भाव चढतोय!” मागून दहा आवाज आले. एकाने तर सेक्रेटरीच्या तोंडासमोर हात जोडले.

माझ्या उभ्या आयुष्यात एका माणसाला गप्प करण्यासाठी शंभर माणसांनी एवढी विनवणी केलेली मी दुसऱ्यांदा पाहिलेली नाही. सेक्रेटरी लाल होऊन निघून गेला, आणि भाव आणखी चढण्याआधी जो तो पाकिटात हात घालू लागला. दुकान बंद करेपर्यंत शंभर कंदील गेले.

शंभर गेले, पण दोनशे राहिले. केशरी कागद, खाली पिवळ्या झिरमिळ्या आणि प्रत्येकावर लाल अक्षरांत ‘शुभ दीपावली’. सेक्रेटरीने हौसेने सांगून बनवून घेतलेला आणि ऐनवेळी नाकारलेला माल, आणि दिवाळीला आता एकच रात्र उरलेली.

आणि नेमके तेव्हाच काकांचे धाकटे भाऊ आले.

धाकटे नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, गावाच्या नाताळ समितीचे अध्यक्ष. दुकानाचा गाळा दोघांच्या नावावर. एक मोबाईलवाला त्या गाळ्याला असं भाडं द्यायला तयार होता की आकडा ऐकून मला पाणी प्यावं लागलं. धाकट्यांनी वर माळ्याकडे पाहिलं. केशरी डोंगर.

“दादा, खूप झाला तुझा पाट्यांचा खेळ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी येईन. माळ्यावर एक जरी नग उरलेला असला, तर नव्या वर्षापासून गाळा मोबाईलवाल्याचा. मग तू काही बोलायचं नाहीस.”

“आणि माळा रिकामा असला तर?”

“तर मी बोलणार नाही. कधीच.”

“ठीक,” काका म्हणाले आणि वरच्या पाटीवर दोनशे लिहिलं.

माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान शेजारच्या गाळ्यात होतं. मधे प्लायवूडची भिंत, इतकी पातळ की काका मनातल्या मनात हिशेब करायचे तोसुद्धा मला ऐकू यायचा. त्यामुळे या माणसाबद्दल बोलायचा अधिकार वसईत माझ्याइतका कोणाचाच नाही. जे कोणी बोलतात ते माझं ऐकूनच बोलतात.

काकांचा धंदा दोन सणांचा. दिवाळीला कंदील, नाताळला तारे. आकार एकच, पाच टोकांचा. वर्षभर ते कामट्यांचे नुसते सांगाडे बांधून माळ्यावर रचत आणि कागद अगदी शेवटी, रोजच्या खपापुरता चिकटवत. “सांगाड्याला धर्म नसतो,” असं ते म्हणायचे. “कागद चिकटला की धर्म ठरतो. मग घाई कशाला करायची?” दिवाळीला उरलेला सांगाडा पांढरा कागद लेवून नाताळला जायचा, नाताळला उरलेला पुढच्या दिवाळीची वाट बघायचा. हा त्यांचा मोठा आधार होता. सेक्रेटरीच्या गोड बोलण्याला भुलून त्यांनी एकदाच तो सोडला, तीनशे सांगाड्यांना आधीच केशरी करून ठेवलं, आणि त्याच वर्षी नेमके फसले.

सणाआधी दोन महिने त्यांची सायकल निघायची. आगाशीपासून नायगावपर्यंत ते बाल्कन्या बघत फिरायचे. गेल्या वर्षीचा फिकुटलेला कंदील अजून लटकतोय, म्हणजे हे घर या वर्षी गिऱ्हाईक नाही. नुसतीच वायर लोंबतेय, म्हणजे आहे. नवी जाळी बसवली, म्हणजे बाईला हौस आहे, दोन नग. काही बाल्कन्यांना काका त्यांच्या मालकांपेक्षा जास्त वर्षं ओळखत होते. एकदा एका बाईने चोर समजून त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं. घरी येऊन त्यांनी शांतपणे हिशेबात एक घर वाढवलं. म्हणाले, “बादली नवी होती. या घरात खरेदी चालू आहे.”

एवढं करूनही त्यांना कोणी विचारलं, “काका, यंदा किती खपतील?” तर उत्तर ठरलेलं. “मला काय माहीत? कोणालाच माहीत नसतं. म्हणून तर पाटी खडूची आहे. माहीत असतं तर रंगाने नसती लिहिली?”

बाजारातले बाकी दुकानदार भाव सांगायचे आणि माल लपवायचे. ‘शेवटचे दोनच आहेत’ म्हणत बाराव्या गिऱ्हाइकालाही तेच दोन दाखवायचे. काका दोन्ही उघडं लिहायचे आणि एक आकडा बदलला की दुसरा बदलायचेच. माल भरपूर असला की भाव कमी. माल कमी होत गेला की भाव चढता. आधी येणाऱ्याला स्वस्त, रेंगाळणाऱ्याला महाग. मी एकदा म्हटलं, “काका, जग संध्याकाळी स्वस्त करतं, तुम्ही महाग करता.” तर म्हणाले, “संध्याकाळी स्वस्त केलं की उद्या सकाळी कोण येईल? सगळे संध्याकाळीच येतील. आणि सकाळी ज्याने पूर्ण पैसे दिले त्याला मी काय तोंड दाखवू? अरे, माल आणि भाव म्हणजे एका खाटेवर झोपलेली दोन माणसं. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावीच लागते. नाहीतर एक जण खाली पडतो.”

हे वेड दुकानापुरतं असतं तरी चाललं असतं. देवळाच्या जत्रेत एकदा त्यांना पॅटिसच्या स्टॉलवर बसवलं. तिथेही दोन पाट्या! परात रिकामी होत गेली तसा भाव चढत गेला. शेवटी फादर स्वतः हसत हसत आले तेव्हा एकच पॅटिस उरलं होतं.

“अरे, हे काय? एवढं महाग? मी फादर आहे!”

“म्हणूनच सांगतो फादर, उशिरा येत जाऊ नका.”

फादरांनी पूर्ण पैसे दिले. पुढच्या रविवारी मिस्साला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, वेळेवर येण्यावर असं प्रवचन दिलं की अर्धा गाव त्याच्या पुढच्या रविवारी पाऊण तास आधी येऊन बसला.

माल संपला की काका ‘उद्या या’ म्हणत नसत, ‘सॉरी’ म्हणत नसत, चेहराही पाडत नसत. एकच शब्द बोलायचे: संपले. लग्न का केलं नाहीत असं कोणी विचारलं तरी तेच. “मी गेलो तेव्हा संपलं होतं.”

तर ते दोनशे कंदील.

दिवाळी सरली तशी काकांनी सगळा माल माळ्यावरून उतरवला आणि कागद सोलायला बसले. मीही झेरॉक्सचं मशीन सोडून गेलो. कागद ओला करायचा, नखाने खरवडायचा, कामटी न मोडता सोलायचा. काकांची खळ, म्हणजे मैदा शिजवून केलेला चिकट लगदा, अशी जालीम की तिने चिकटवलेला कागद वादळात सुटत नसे. कामटी मोडायची पण कागद सुटायचा नाही. आमची नखं केशरी झाली. माझ्या दुकानातल्या आधार कार्डांच्या झेरॉक्सवर केशरी बोटं उमटली आणि तशीच बँकांत जमा झाली. काकांच्या तोंडून तक्रार नाही. ना सेक्रेटरीला शिवी, ना धाकट्याला. सोलत राहिले, पांढरा कागद चढवत राहिले. कुठे कुठे ‘शुभ दीपावली’ची अक्षरं सांगाड्याला इतकी घट्ट धरून बसली होती की घाईत त्यांच्यावरूनच पांढरा कागद चढला. पण त्याची काळजी नव्हती. काकांचा नियम होता, विकताना प्रत्येक तारा बल्ब लावून गिऱ्हाइकाला दाखवायचा. अक्षरं दिसली की ते तारा बाजूला ठेवत आणि पुन्हा सोलत.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार आला. मिस्सा सुटायच्या आधी काकांनी पाट्या लिहिल्या. उरले दोनशे, भाव एकशे वीस.

थोडे गेले. भाव एकशे तीस झाला, एकशे चाळीस झाला. आणि तिथे जो अडकला तो अडकलाच.

गाव बेरकी. सगळ्यांना माहीत होतं की हे दिवाळीचे उरलेले. धाकट्यांची अटही सगळ्यांना माहीत होती, कारण ती मी कोणालाही न सांगता फक्त दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती. लोकांनी साधा हिशेब केला. म्हाताऱ्याला माळा रिकामा करायचाच आहे, मग शेवटी मातीमोलाने देईल. थांबा. रोज दुकानासमोरून जाताना लोक पाटीकडे बघत आणि हसून पुढे जात. समोरच्या दुकानात प्लास्टिकचे तारे स्वस्तात लागले होते. धाकटे तर रोज संध्याकाळी फिरायला म्हणून येत आणि वरची पाटी मोठ्याने वाचून जात. “एकशे ऐंशी का रे दादा? कालही एकशे ऐंशीच होते ना?”

शेवटी माझाच धीर सुटला. “काका, वीस रुपये उतरवा! गाळा जाईल हो. हट्ट किती करायचा?”

“ज्यांनी एकशे तीसने नेले त्यांच्या घरी जाऊन तू दहा दहा रुपये परत देशील?”

“मग करणार काय?”

काकांनी दोन्ही पाट्या एकदा वाचल्या. मग उठून शिडी लावली. “भाव खाली येणार नसेल तर माल खाली आणायचा,” असं म्हणाले आणि माळ्यावरून तारे उतरवायला लागले. साठ तारे. हातगाडीवर घातले, देवळात गेले आणि फादरांना म्हणाले, “ख्रिस्तजन्माच्या गोठ्याच्या मांडवाला फुकट. तारा विकत घ्यायला तुमच्याकडे पैसे नसतात, मला ठाऊक आहे.”

परत येऊन वरच्या पाटीवर एकशे वीस लिहिलं, त्याखाली बारीक अक्षरांत ‘साठ देवळाला दिले’, आणि भाव चढवून एकशे सत्तर केला.

मी कपाळावर हात मारला. पण त्याच संध्याकाळी देवळाच्या पटांगणात साठ पांढरे तारे एकदम पेटले. गोव्यापर्यंत उजेड गेला असणार. मी तिकडे नव्हतो म्हणून छातीठोक सांगत नाही. गाव तोंड वर करून उभा राहिला. समोरच्या प्लास्टिकच्या ताऱ्यांकडे बघून पोरंसुद्धा नाक मुरडायला लागली. आणि पटांगणातून घरी जाताना लोकांनी पाटी वाचली. हा माणूस फुकट वाटेल पण स्वस्त करणार नाही, हे तेव्हा कुठे गावाच्या डोक्यात शिरलं. थांबणाऱ्यांचा धीर एका रात्रीत सुटला. दुसऱ्या दिवसापासून रांग. एकशे नव्वद, दोनशे वीस, अडीचशे. गिरीजहून आले, भुईगावहून आले, पार आगाशीहून आले. लोक भांडत, कुरकुरत, ‘लुटारू’ म्हणत आणि तारा घेऊन जात. काका प्रत्येकाला बल्ब लावून दाखवत, पाटी पुसत, पाटी लिहीत. वाढता भाव घासाघीस न करता द्यायला लोक एवढे आतुर झालेले वसईने त्याआधी पाहिले नव्हते.

नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाट्यांवर होतं: उरले एक, भाव चारशे.

एक! आणि चारशेला कागदाचा तारा घेणारं गावात कोणी उरलं नव्हतं. ज्यांना हवा होता त्यांनी नेला होता. मी म्हटलं, “काका, मी घेतो.” तर म्हणाले, “तुझ्या दारात मागच्या आठवड्यात लावलास की. दुसरा कशाला? कोणाच्या उपकाराने विकायला हे दुकान आहे?” आणि स्टुलावर मांडी घालून रस्त्याकडे बघत बसले. चेहरा असा, जणू कोणीतरी यायचं ठरलेलंच आहे.

धाकटे आले. इस्त्रीचा शर्ट, आणि मागे वहिनी. धाकट्यांनी शिडीवर चढून माळ्यावर डोकावलं, खाली उतरले, हात झटकले.

“एक उरला, दादा. अट म्हणजे अट.”

“अजून संध्याकाळ आहे,” काका म्हणाले.

“बरं, बस तू. आम्ही तोवर आमचा तारा नेतो.” असं म्हणून धाकट्यांनी माळ्यावरचा तो एकुलता एक तारा खाली घेतला.

इथे एक सांगायला हवं. दरवर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकानात जो तारा उरेल तो धाकट्यांच्या दारात लागायचा. फुकट. घराची रीत. इतकी जुनी की अट घालताना धाकट्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

काकांनी कानामागचा खडू काढला आणि त्याने पाटीवर नुसतं टकटक केलं.

“म्हणजे?” धाकटे म्हणाले. “घरच्यालासुद्धा भाव?”

“उरलेला असेल तर घरचा. पण तो उरलेला म्हणायचा, तर माळ्यावरच राहिला पाहिजे. ठेव वर. गाळा तुझा. आणि दारात लावायचा असेल तर चारशे.”

धाकट्यांनी तारा परत शिडीकडे नेला. वहिनी शिडीसमोर उभ्या राहिल्या.

“कुठे निघालात?”

“अगं, गाळ्याचं भाडं दर महिन्याला...”

“भाडं मोजत बसा दर महिन्याला. आज कॅरलवाले येणार, फादर येणार, तुम्ही समितीचे अध्यक्ष, आणि गावात एकटं आपलं दार काळोखात? साठ तारे देवळात, तारा घरोघरी, आणि तारेवाल्याच्या भावाकडेच नाही?”

“समोरून प्लास्टिकचा आणतो.”

वहिनींनी नुसतं बघितलं. ते बघणं लॅमिनेट करून ठेवावं असं होतं.

धाकटे काकांकडे वळले. “दादा, चारशे म्हणजे फार होतात. दोनशे घे.”

काकांनी खडूने पुन्हा टकटक केलं. रस्त्यावर माणसं थांबायला लागली. धाकट्यांनी आवाज चढवला, “अरे, मी सख्खा भाऊ तुझा!” आणि काकांचा अंगठा खालच्या पाटीकडे सरकला.

“नको, नको! अध्यक्ष, ओरडू नका, भाव चढेल!” रस्त्यावरून कोणीतरी कळवळून म्हणालं.

धाकट्यांनी पाकीट काढलं. काकांनी सवयीने बल्ब हातात घेतला, तसे ते खेकसले, “घरच्याला काय दाखवतोस? राहू दे! बांध लवकर!” काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, बल्ब खाली ठेवला आणि तारा बांधून दिला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी धरला आणि दोघं गेली.

शेवटचा तारा धाकटेच घेणार, हे काकांना आधीच माहीत होतं का? बाकी कुठल्याही गिऱ्हाइकाचा भरवसा नसतो, पण या एकाचा त्यांना होता का? मी नंतर अनेकदा विचारलं. ते नुसते खडूचा कान खाजवायचे.

आम्ही शिडी आत घेत होतो तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून हसण्याचा लोंढा आला. कॅरलवाली पोरं गिटार टाकून हसत होती. त्यांच्या मागून धाकटे पळत आले, शर्टाची इस्त्री मोडलेली, हातात तारा, ताऱ्यात बॅटरीवरचा बल्ब अजून पेटलेला, आणि पांढऱ्या कागदाच्या आतून लालभडक अक्षरं चकाकत होती: शुभ दीपावली.

“फादर दारात उभे होते, दादा! फादर! सगळ्या गावाने वाचलं! चारशे मोजून घेतलेस माझ्याकडून! हा परत घे, आणि मला दुसरा दे!”

काकांनी वरच्या पाटीवरचा आकडा अंगठ्याने पुसला, खालच्या पाटीवरचा पुसला, आणि मग धाकट्याकडे बघितलं.

“संपले.”